खारट पाण्याची विहीर

कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला नावाच्या भागातल्या रिफायनरीत आमच्या कंपनीचं काम चालू होतं, तेव्हा मी फिंतासच्या घरातून रोज सकाळी सायप्रसच्या दोघांबरोबर एका गाडीतून जायचे. गाडी थोरल्यांची. ते ग्रीक, साठीच्या आसपासचे, पाइपिंगचे प्रमुख. शेजारच्या सीटवर बसायचे ते तुर्क, त्यांच्याहून थोडे लहान, वेल्डिंगची तपासणी बघणारे. मागच्या सीटवर मी आणि माझा डबा. मी प्लॅनिंगमध्ये होते. नवरा बँकेत, त्याची वाट शहराकडची आणि माझी नेमकी उलटी. कंपनीची बस इतक्या लवकर यायची की मुलीचं आवरून होत नसे, म्हणून त्यांनी आपणहून सांगितलं, आमच्याबरोबर येत जा. मुलीने त्यांची नावं ठेवली ग्रीककाका आणि तुर्ककाका, आणि आमच्या घरात तीच रूढ झाली.

ग्रीक-तुर्क म्हटलं की वैर, एवढंच मला ऐकून माहीत होतं. त्यामुळे दोघांना हसतखेळत बोलताना बघून मी पहिल्या दिवशी गोंधळले. त्यांच्या बेटाच्या मधून तारेचं कुंपण गेलंय, उत्तरेला तुर्क, दक्षिणेला ग्रीक, मधल्या पट्ट्यात संयुक्त राष्ट्रांचे सैनिक, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तिकडे हे दोघं शेजारी होऊच शकले नसते. इथे एकाच इमारतीत राहायचे. गुरुवारी संध्याकाळी फिंतासच्या जमियात, म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी दुकानात, दोघं मिळून भाजी आणि पांढरं चीज घ्यायचे. त्या चीजचं खरं नाव ग्रीक की तुर्की यावर काउंटरपर्यंत वाद चालायचा. कॉफीवरूनही तसंच. ग्रीककाकांना तुर्की थोडीफार यायची, तुर्ककाकांना ग्रीक त्याहून थोडी कमी. आपसांत ते इंग्रजीच बोलायचे, शिव्या मात्र एकमेकांच्या भाषेतून.

गाडीत रेडिओवर बातम्या लागत नसत. साल कुठलंच उच्चारलं जात नसे. हा नियम आहे हे मला बरेच महिने कळलंच नाही.

मग जुलैतली एक सकाळ आली. धुळीने सगळं पिवळट झालं होतं, पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. फिंतास सोडलं, फहाहील गेलं, तरी दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. मला वाटलं साइटवर काहीतरी बिनसलंय. मी विचारलं, काय झालंय?

"आजच्या सकाळी आम्ही बोलत नाही," ग्रीककाका म्हणाले.

तुर्ककाका खिडकीबाहेर बघत राहिले. संध्याकाळी परत येताना दोघं नेहमीसारखे हसत होते. घरी आल्यावर मी फोनवर शोधलं. चौऱ्याहत्तर साली त्याच तारखेला तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं होतं. कुंपणाच्या एका बाजूला तो दिवस शोकाचा, दुसऱ्या बाजूला उत्सवाचा.

त्यानंतर दोघांनी मला आपापली हकीगत सांगितली, पण वेगवेगळी, दुसरा रजेवर असताना. मी तिसरीच माणूस, कुणाच्याच बाजूची नाही, म्हणून असेल.

ग्रीककाकांनी गाडी चालवता चालवताच सांगितली. ते तेव्हा अठरा वर्षांचे होते. उत्तरेच्या किनाऱ्यावर त्यांचं घर. पहाटे समुद्रात जहाजं दिसली आणि नंतर आकाशातून छत्र्या उतरायला लागल्या. आईने चुलीवरचं भांडं तसंच सोडलं आणि सगळे मिळेल त्या वाहनाने दक्षिणेकडे पळाले. ते घर आजही आहे, त्यात दुसरेच लोक राहतात. थोरला भाऊ सैन्यात होता, तो परत आलाच नाही. मेला असंही कुणी कळवलं नाही. आई मरेपर्यंत त्याचा फोटो छातीशी धरून कुंपणाजवळच्या मोर्च्यांना जात राहिली.

मी विचारलं, त्याच्या आधी कसं होतं?

"आधी काहीच नव्हतं. आधी आम्ही भावांसारखे राहत होतो."

तुर्ककाकांनी सांगितली ती खैरानला. कंपनीने तिथे समुद्राकाठी एक शाले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेतलं होतं आणि सगळ्यांच्या कुटुंबांना बोलावलं होतं. पोरं पाण्यात होती. तुर्ककाका पँट दुमडून घोटाभर पाण्यात उभे होते. म्हणाले, पहिल्यांदा समुद्रात उतरलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आणि बेटावर राहत होतो.

त्यांची हकीगत त्रेसष्टच्या हिवाळ्यात सुरू होत होती. ते जेमतेम वर्षाचे असताना दंगली झाल्या. वडील सुतार. दुसऱ्या गावात एक दार बसवायचं होतं म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन सकाळी बसमध्ये चढले, ते गेलेच. गावातले तुर्क उठून एका वस्तीत दाटीवाटीने राहायला गेले, पहिल्यांदा तंबूत आणि मग पत्र्याच्या खोल्यांत. सभोवती ग्रीकांचे पहारे. काही वर्षांनी रस्ते उघडले, पण आई मुलांना वस्तीबाहेर पाऊल टाकू देत नसे. चौऱ्याहत्तरला सैनिक आले, त्यानंतर एका मामाने त्यांना किनाऱ्यावर नेलं. "त्या दिवशी शांतता झाली," ते म्हणाले. "आमच्याकडे त्याला तेच नाव आहे."

मी ग्रीककाकांच्या घराचं विचारलं, भावाचं विचारलं. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण सुरुवात कुणी केली ते त्याला विचार."

दोघांपैकी कुणी खोटं सांगत होता असं मला वाटलं नाही. एकाच्या हकीगतीत पहिली अकरा वर्षं नव्हती, दुसऱ्याच्या हकीगतीत शेवटचं घर आणि शेवटचा भाऊ नव्हता, एवढंच. मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आपल्या इमारतीचा ग्रुप वाचतेस ना?

वाचत होते. आमच्या इमारतीत बरीच घरं आपल्याकडची. खालच्या मजल्यावर राजापूरकडचं एक मुसलमान कुटुंब, त्यांचं फहाहीलला मोबाइलचं दुकान. त्या घरातल्या भाभी इथली माझी पहिली मैत्रीण. मुलगी लहान असताना मला ताप आला तर तिला खाली नेऊन जेवू घालायच्या. ग्रुपवर पूर्वी पाण्याच्या टँकरचे आणि लिफ्टचे निरोप असायचे. हल्ली 'हे आपल्याला शाळेत कधीच शिकवलं नाही' असा मथळा असलेले व्हिडिओ यायला लागले होते. कधीतरीची कत्तल, कुणाचं तरी पाडलेलं देऊळ. कुणी काही बोलत नसे, अंगठे तेवढे उमटायचे. एका दुपारी भाभी ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी खाली गेले. त्यांनी नेहमीसारखा चहा केला, सांदण दिलं, मुलीच्या परीक्षेचं विचारलं. दारापर्यंत सोडायला आल्या आणि तिथे म्हणाल्या, "तुम्ही आहात ना अजून त्यात?" मी हो म्हटलं. "मग आमच्याबद्दल काही आलं तर कळवत जा." त्या हे हसतच म्हणाल्या.

पुढच्या मे महिन्यात तुर्ककाकांना फोन आला. आम्ही गाडीतच होतो. लांब रिफायनरीच्या चिमणीवरची ज्वाळा दिसायला लागली होती. फोन त्यांच्या बहिणीचा, सायप्रसहून. ते बराच वेळ ऐकत राहिले, मध्ये एकच शब्द पुन्हापुन्हा विचारत राहिले. ग्रीककाकांनी एसीचा आवाज कमी केला. फोन ठेवून तुर्ककाका म्हणाले,

"वडील सापडले."

बेटावर दोन्ही बाजूंचे हरवलेले लोक शोधणारी एक समिती आहे. कुणीतरी निनावी माहिती देतं, मग तिथे खणतात, हाडं सापडली की नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवून बघतात. दोघांनीही कित्येक वर्षांपूर्वी रक्त देऊन ठेवलेलं होतं, एकाने वडिलांसाठी, दुसऱ्याने भावासाठी. एवढी एक गोष्ट ते माझ्यासमोर मोकळेपणाने बोलायचे. ग्रीककाकांनी गाडी कडेला घेतली, सीटबेल्ट सोडला आणि मित्राचा खांदा धरला. म्हणाले, कुठे सापडले?

तुर्ककाकांनी गावाचं नाव सांगितलं. गावाबाहेरच्या बुजवलेल्या विहिरीत, आणखी काही जणांबरोबर. हाडांजवळ सुताराच्या घडीच्या मोजपट्टीचं पितळी बिजागर होतं.

ग्रीककाकांनी हात काढून घेतला. सीटबेल्ट लावला, आरसा बघितला आणि गाडी रस्त्यावर घेतली. साइटच्या गेटपर्यंत मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती घामाने ओली झाली होती, आणि गाडीत तर चांगला गारवा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, गाडी गॅरेजमध्ये आहे. त्यानंतरही काही दिवस तेच. गाडी आमच्या समोरच्या मैदानात उभी असलेली मला गॅलरीतून दिसत होती. मी आणि तुर्ककाका बसने जायला लागलो. हाडं ताब्यात मिळायला अजून अवकाश होता. आमचे कुवेती मॅनेजर त्यांना म्हणाले, तारीख कळली की सांग आणि निघ, मागे काय राहील ते मी बघतो. त्यांच्या स्वतःच्या काकांना नव्वद साली इराक्यांनी नेलं होतं आणि पुष्कळ वर्षांनी पलीकडच्या वाळवंटातून हाडं परत आली होती, त्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

बसमध्ये तुर्ककाका एकदाच बोलले. "गावाचं नाव ऐकल्यावर त्याचा चेहरा बघितलास?"

मी म्हटलं, मी मागे होते.

शुक्रवारी दुपारी ग्रीककाका आमच्या घरी आले. दाढी वाढलेली. नवऱ्याने पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं. मुलगी समोर आली तर नेहमीसारखी थट्टा केली नाही. ती आत गेल्यावर म्हणाले, ते गाव माझ्या आईचं आहे.

लहानपणी सुट्टीत ते आजोबांकडे जायचे. गावाबाहेर, बदामाच्या झाडांपलीकडे ती विहीर होती. एका उन्हाळ्यात गेले तर दगडमातीने भरलेली दिसली. मुलांनी विचारलं तेव्हा मोठ्यांनी सांगितलं, पाणी खारट झालं. तिकडे जाऊ नका. आजी शेळ्या लांबच्या वाटेने न्यायला लागली होती. आजोबा तिथून जाताना छातीवर क्रूसाची खूण करायचे. "मी पन्नासहून जास्त वर्षं हेच धरून चाललो, की पाणी खारट झालं म्हणून विहीर बुजवली. समुद्र तिथून किती लांब आहे तुला माहीत नाही. मी इंजिनियर आहे. मला एकदाही प्रश्न पडला नाही."

त्या गावात त्यांचे मामा अजून होते, नव्वदीचे. दर ईस्टरला ग्रीककाका त्यांच्या पंगतीला बसायचे. त्यांना फोन केला होता. विचारलं, मामा, त्या विहिरीचं काय झालं होतं? मामा म्हणाले, पाणी खारट झालं होतं, आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मामेभावांचे निरोप आले. म्हाताऱ्याला का छळतोस. तू तिकडे एका तुर्काबरोबर फिरतोस ते आम्हाला माहीत आहे, गाडीचा नंबरही माहीत आहे. कुवेतमधला गाडीचा नंबर त्यांना कुणी दिला, हे ग्रीककाकांना कळत नव्हतं. मलाही कळलं नाही, आणि तेव्हापासून मी ऑफिसात कोण कुणाशी बोलतंय ते बघायला लागले.

"तू सांगशील त्याला?" त्यांनी मला विचारलं. "तुझ्याकडून ऐकणं त्याला सोपं जाईल."

मी नाही म्हटलं. म्हटलं, हे मी सांगितलं तर ते मला पहिला प्रश्न विचारतील की तो स्वतः का आला नाही. नवरा माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं मी फार कडक बोलले. ग्रीककाकांनी पाणी न पिता ग्लास खाली ठेवला आणि गेले.

रविवारी सकाळी गाडी खाली उभी होती. तुर्ककाका काही न विचारता पुढे बसले, मी मागे. त्या दिवशी वारा सुटला होता, वाळू रस्त्यावरून सापासारखी सरकत होती आणि सूर्य नुसता पांढरा ठिपका. फहाहील मागे पडल्यावर ग्रीककाका समोर बघत म्हणाले,

"ती विहीर मला माहीत आहे."

मग सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. आजी, शेळ्या, आजोबा. मामांपाशी येऊन थांबले.

"मामा जिवंत आहे," तुर्ककाका म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"आहे."

"तेव्हा किती वर्षांचा होता?"

पुढे टँकर हळू झाला म्हणून आमची गाडीही हळू झाली.

"मला भाऊ म्हणायचास," तुर्ककाका म्हणाले. "गाडी थांबव."

गाडी थांबली आणि ते उतरले. साइटपासून आम्ही अजून बरेच लांब होतो. ते रस्त्याच्या कडेने चालायला लागले, तोंडावर हात धरून, बॅग गाडीतच. या उन्हात आणि धुळीत माणूस एवढं चालू शकत नाही. मीही ओढणी तोंडाला गुंडाळून उतरले आणि त्यांच्या मागे निघाले. ते मला परत जा म्हणाले नाहीत. मागे वळून बघितलं तर ग्रीककाका गाडी चालण्याच्या वेगाने कडेकडेने आणत होते, चारही दिवे उघडझाप करत. ट्रक हॉर्न मारत जात होते. एकदा वाऱ्याने इतकी वाळू आली की मला ना पुढचा माणूस दिसेना, ना मागची गाडी. मी जागेवर उभी राहिले. त्या क्षणी मला सरळ वाटलं की यातून कुणीतरी आज मरणार आहे. वारा ओसरला तेव्हा तुर्ककाका वाळूत बसलेले होते. ओकत होते. ग्रीककाकांनी गाडी त्यांच्यापुढे आणून उभी केली, दार उघडलं, पाण्याची बाटली ठेवली आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले. तुर्ककाकांनी बाटली घेतली. काही वेळाने उठून मागच्या सीटवर बसले. म्हणून मी पुढे बसले.

त्या दिवसापासून तीच बैठक राहिली. गाडीतून तिघं जायचो, बोलायचं ते कामापुरतं. गुरुवारी जमियात दोघं वेगवेगळ्या वेळी जायला लागले.

जूनमध्ये तुर्ककाका अंत्यविधीला गेले. आल्यावर मला कँटीनमध्ये सांगितलं. हाडं एका छोट्या पेटीत होती. समितीच्या खोलीत बहीण आणि ते थोडा वेळ एकटे बसले, तेवढाच वेळ वडील त्यांचे होते. बाहेर आल्यावर पेटीवर झेंडा घातला गेला. सैनिकांनी खांदा दिला, पुढाऱ्यांची भाषणं झाली. वडिलांना शहीद म्हटलं गेलं, शत्रूशी लढता लढता गेले असं म्हटलं गेलं. "ते दार बसवायला गेले होते," तुर्ककाका म्हणाले. त्यांनी हे तिथे माइकवर सांगायचं ठरवलं होतं. पण त्यांना बोलायला बोलावलंच नाही.

नंतर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वस्तीतल्या जुन्या लोकांना विचारलं की चौऱ्याहत्तरला उत्तरेच्या किनाऱ्यावर पकडलेल्या ग्रीक सैनिकांचं काय झालं. कॉफीच्या दुकानात एकाने टीव्हीचा आवाज वाढवला. एक जण उठून गेला. पण तिसरा, आजारी आणि मुलाबाळांवर रागावलेला, त्यांच्या मागोमाग बाहेर आला आणि एक जागा सांगितली. एका गोदामाच्या मागचा संत्र्यांची बाग.

"त्याला सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही. समितीला सांगितलं. तिथे काही निघालं तर तेच त्याला सांगतील. निघालं नाही तर कशाला."

त्यांनी निनावी सांगितलं होतं, पण छोट्या जागेत निनावी असं काही राहत नाही. आठवडाभरात बहिणीच्या घरी दोन माणसं येऊन बसली. नम्रपणे बोलली. तुम्हाला तुमचं थडगं मिळालं, आता शांत राहा, एवढंच म्हणाली. बहिणीने भावाला फोन करून सांगितलं की पुन्हा काही विचारायचं असेल तर आधी मला या घरातून दुसरीकडे ने.

त्याच वर्षी ग्रीककाकांचं काम संपलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला घरी सोडलं. तुर्ककाकांना ते काय म्हणाले मला माहीत नाही. मैदानात दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे होते, टपावर हात ठेवून. मी गॅलरीतून बघत होते. बोलणं झालं असेल तर थोडंच. मग ग्रीककाकांनी गाडीची किल्ली टपावरून सरकवली. तुर्ककाकांनी ती घेतली, आणि पुढे काही महिने तीच गाडी चालवली, मला नेत-आणत राहिले.

बाग खणायची परवानगी मिळायला बराच काळ गेला, कारण तिथली जमीन सैन्याच्या ताब्यात होती. परवानगी मिळाली तोवर ग्रीककाका दक्षिणेत मुलीच्या घरी राहत होते आणि तुर्ककाका कझाकस्तानात नव्या प्रोजेक्टवर गेले होते. मामा त्या हिवाळ्यात वारले. ग्रीककाका अंत्यविधीला गेले तेव्हा चर्चच्या दारात मामेभावांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, आणि म्हणाले की समितीचा निरोप आलाय, खणलं, माती पूर्वी कधीतरी मशीनने उकरून दुसरीकडे नेलेली आहे. काहीच उरलेलं नाही. ती जागा दाखवली कुणी, हे त्यांना समितीने सांगितलं नव्हतं. मला विचारलं, तुला काही माहीत आहे का?

मी तुर्ककाकांना विचारून सांगते म्हटलं. म्हणजे उत्तर दिल्यासारखंच झालं. ग्रीककाका म्हणाले, त्याला सांग की मी विचारलं नाही.

तुर्ककाकांना फोन केला तेव्हा तिकडे बर्फ पडत होता. मी बागेचं सांगितलं. त्यांना आधीच कळलेलं होतं. बहिणीच्या घराच्या काचेवर कुणीतरी दगड मारला होता, खणायला सुरुवात झाली त्याच दिवशी. पोलिसांनी पोरांचं काम म्हणून सोडून दिलं. बहिणीने नवी काच बसवून घेतली आहे, ते म्हणाले, आणि बाहेरून लाकडी चौकटीत लोखंडी जाळी. पुढच्या खिडक्यांना झाली, मागच्या खिडक्यांचं माप सुतार उद्या घ्यायला येतोय.